चार्ज न होणारी बॅटरी : दोष कोणाचा ?

पूर्वीं बैल घेतांना त्याचे दांत पाहणारा, खूर उचलून पाहणारा व चार पावलें चालवून पाहणारा शेतकरी जाणता म्हणविला जात असे. आज बैलाचीं बहुतेक कामें ट्रॅक्टर, पिक-अप व जीप यांच्याकडे गेलीं. परंतु पाहण्याची ती संवय मात्र कामाबरोबर यंत्राकडे गेली नाहीं. गाडीचा सेल्फ लागला नाहीं कीं आपण बॉनेट उघडतों, बॅटरीकडे बोट दाखवितों आणि "बॅटरी गेली" असा निवाडा करून मोकळे होतों. हा निवाडा कधीं बरोबर ठरतो, पुष्कळदां चुकतो. आणि चुकला म्हणजे त्याचा दंड मालकासच भरावा लागतो. प्रस्तुत लेखकानें तो एकदां भरला आहे. सबब ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

लेखक कांहीं यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. मराठी शाळेंत शिकून महसूल खात्यांत कारकुनी केली व तेथूनच निवृत्त झालों. परंतु त्या नोकरीनें एक गोष्ट पक्की शिकविली, ती ही कीं, जागेवर जाऊन पंचनामा केल्यावांचून निकाल लिहूं नये. बॅटरीच्या बाबतींत नेमका हाच नियम उपयोगी पडतो.

घडलेली हकीकत

आमच्या घरची पिक-अप गाडी माझा पुतण्या चालवितो. मागील हंगामांत टोमॅटोचा तोडा चालू असतां क्रेट भरून तो रात्रीं संगमनेराहून नारायणगांवच्या बाजारास निघाला. चंदनापुरीचा घाट चढून घारगांवाजवळ चहास थांबला, गाडी बंद केली, ती पुन्हां चालू होईना. दिवे अंधुक झालेले. सेल्फ एकदां 'कट्‌' असा आवाज करून गप्प. जोड देण्याची तार कोणाजवळ नव्हती. भरलेली गाडी ढकलूनहि उपयोग झाला नाहीं. अखेर दुसरी गाडी बोलावून माल तींत चढविला. भाडें दुप्पट पडलें, चढउतारींत माल दबला आणि दबलेला माल पडेल भावानें द्यावा लागला.

दुसऱ्या दिवशीं पुतण्या म्हणाला, "नाना, बॅटरी मेली. नवी घेतल्यावांचून गत्यंतर नाहीं." दुकानदारानेंहि मीटर न लावतां मान डोलविली, जुनी बॅटरी मोडींत घेतली आणि साडेसहा हजार रुपयांस नवी बसवून दिली. गाडी झोंकांत चालूं लागली. परंतु बारा दिवस लोटतांच तोच प्रकार ! नवी बॅटरी रिकामी.

ह्या खेपेस गांवांतील एका वृद्ध मिस्त्रीस बोलाविलें. त्यानें दुसऱ्या बॅटरीचा जोड देऊन इंजिन चालू केलें, जोड काढला आणि आमच्या बॅटरीवर मीटर धरला. दिवे लावले असतां आंकडा १२.१ च्या पुढें सरकेना. तेथें उभ्या असलेल्या प्रत्येकानें "डायनामो गेला" असें म्हटलें. मिस्त्री कांहीं बोलला नाहीं. त्यानें मीटरची तीच तार अल्टरनेटरच्या पाठीमागील जाड बोल्टास लावली. तेथें आंकडा आला १४.४ ! म्हणजे उगमाशीं पाणी भरपूर आणि वावरांत मात्र थेंब नाहीं. मधल्या जाड तारेवरून हात फिरवीत तो मुख्य फ्यूजच्या पेटीपर्यंत गेला व त्यानें झटकन् हात मागें घेतला. तेथील थिंबल इतकें तापलें होतें कीं चटका बसला. तें निम्मेंअधिक गंजून सैल झालें होतें आणि भोंवतालचें प्लॅस्टिक करपून काळें पडलें होतें. साठ रुपयांचें नवें थिंबल दाबून बसविलें, जागा घासून साफ केली. बॅटरीवर आंकडा १४.२ झाला. तेव्हां पुतण्यास आठवलें कीं, रात्रीं गाडी चालवितांना समोरचा बॅटरीचा तांबडा दिवा अगदीं मंद मिणमिणत असे. दिवसा तो दिसत नसल्यामुळें त्यानें तिकडे लक्ष दिलें नव्हतें.

काम संपल्यावर मिस्त्रीनें विचारलें, "भाऊसाहेब, पहिली बॅटरी कोठें आहे ?" ती मोडींत गेली होती. ती खरोखर सदोष होती कीं निर्दोष, हें सांगण्यास आज कोणताहि पुरावा शिल्लक नाहीं. आरोपीस शिक्षा देऊन झाल्यावर चौकशी सुरूं करावी, तसा हा प्रकार झाला.

दोषाचीं चार ठिकाणें

भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. त्या धरणांतून सोडलेलें पाणी ओझरच्या बंधाऱ्याशीं अडवून डाव्या व उजव्या कालव्यांत घेतात, तेथून तें चारींत, पोटचारींत व शेवटीं वावरांत उतरतें, हें प्रवरेकांठच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. समजा, आवर्तन सुटलें आहे आणि तरीहि वावर कोरडें आहे. त्याचीं कारणें चारच असूं शकतात. एक, उगमाकडून पाणीच कमी सुटलें. दोन, पाणी सुटलें पण वाटेंत चारी तुंबली. तीन, पाणी वावराशीं आलें पण जमीनच तें पीत नाहीं. चार, जमिनीनें पाणी घेतलें पण रात्रींतून बांध फुटून तें वाहून गेलें.

गाडींत अगदीं असेंच आहे. उगम म्हणजे अल्टरनेटर. चारी म्हणजे जाड तारा, थिंबलें, फ्यूज व अर्थिंग. वावर म्हणजे बॅटरी. आणि फुटलेला बांध म्हणजे गाडी बंद असतांहि वीज खाणारी एखादी वस्तु. 'बॅटरी चार्ज होत नाहीं' ह्या एका तक्रारीच्या पोटीं हे चार निरनिराळे दोष असतात आणि चोहोंचें बाह्य लक्षण एकच दिसतें, तें म्हणजे सकाळीं सेल्फ लागत नाहीं. म्हणून लक्षणावरून निवाडा करूं नये; चारहि ठिकाणें क्रमानें तपासावीं.

बॅटरी आंत काय करते

गाडीची बॅटरी शिशाच्या पत्र्यांची असते. हा प्रकार फ्रान्समधील गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं शोधून काढला व मूळ तत्त्व आजहि तेंच आहे. बारा व्होल्टच्या बॅटरींत सहा खण असतात व प्रत्येक खण सुमारें २.१ व्होल्टचा असतो. खणांत शिशाचे व शिशाच्या ऑक्साइडचे पत्रे पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत, म्हणजे आपण ज्यास बॅटरीचें ॲसिड म्हणतों त्यांत, बुडालेले असतात. वीज खर्च होऊं लागली म्हणजे ॲसिडांतील गंधकाचा अंश पत्र्यांवर जाऊन बसतो, दोन्ही पत्रे शिशाच्या सल्फेटचे होऊं लागतात आणि ॲसिड पातळ होतें. वीज परत भरली म्हणजे ही क्रिया उलट होते. म्हणूनच ॲसिडाचा दाटपणा मोजला असतां बॅटरींत किती शिल्लक आहे तें समजतें.

भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. तींत वीज भरावयाची तर बाहेरचा दाब तिच्याहून अधिक पाहिजे. कारण पाणी उंचाकडून सखलाकडेच वाहतें. ह्यासाठीं अल्टरनेटर १४ व्होल्टच्या वर दाब ठेवतो. इंजिनच्या पट्ट्यानें तो फिरतो, त्यांत निर्माण होणारी उलटसुलट वीज डायोड नांवाचे भाग एका दिशेची करतात आणि रेग्युलेटर तिचा दाब मर्यादेंत राखतो.

आधीं सावधगिरी

चार्ज होतांना बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो व तो ठिणगीनें पेट घेतो. म्हणून जवळ बिडी, काडी वा दिवा नेऊं नये. बॅटरी सोडवितांना मायनसची तार प्रथम काढावी व जोडतांना ती शेवटीं लावावी. ह्यायोगें पान्हा चुकून गाडीच्या अंगास लागला तरी जाळ होत नाहीं. हातांतील अंगठी, कडें व घड्याळ काढून ठेवावें. ॲसिड अंगावर उडाल्यास भरपूर पाण्यानें धुवावें; डोळ्यांत गेल्यास पुष्कळ वेळ पाणी मारीत राहून तसेंच डॉक्टराकडे जावें. दुसऱ्या बॅटरीचा जोड देतांना शेवटची मायनसची पकड रिकाम्या बॅटरीस न लावतां तिच्यापासून दूर, इंजिनच्या उघड्या लोखंडास लावावी.

पंचनामा : क्रम पहिला, जबाब

चालकाचा जबाब प्रथम घ्यावा. बॅटरी केव्हां घेतली ? तीन-चार वर्षें झालीं असल्यास तिचें वय झालें असें समजावें. दोष एकाएकीं उद्भवला कीं हळूहळू ? तांबडा दिवा चावी फिरवितांच लागतो व इंजिन चालू होतांच विझतो काय ? चावी फिरविल्यावर तो मुळींच लागत नसेल तर तेंहि वाईट लक्षण होय. कारण पुष्कळ गाड्यांत ह्याच दिव्यावाटे अल्टरनेटरला जागें करणारी थोडीशी वीज जाते. बल्ब गेला कीं अल्टरनेटर निजलेलाच राहतो, आणि त्याच्या मोटारीवर मात्र नाहक खर्च होतो. नवीन काय बसविलें, हेंहि विचारावें. जादा दिवे, मोठा हॉर्न, गाण्याचें यंत्र, गाडीचा ठावठिकाणा सांगणारें यंत्र, हीं सारीं खर्चाच्या बाजूचीं खातीं होत.

क्रम दुसरा, डोळ्यांनीं पाहणें

टर्मिनलांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड सांठली आहे काय ? असल्यास तारा सोडवून, गरम पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून तें पाणी वरून ओतावें, ब्रशानें घासावें, साध्या पाण्यानें धुवून कोरडें करावें. सोड्याचें पाणी खणांत जाऊं देऊं नये. मग टर्मिनलें घट्ट आवळून वर थोडें ग्रीस लावावें. घट्ट दिसणारें टर्मिनल हातानें पिळून पाहावें. हललें तर तें सैल आहे.

अल्टरनेटरचा पट्टा अंगठ्यानें मध्यभागीं दाबावा. बहुतेक गाड्यांत तो सुमारें एक सेंटिमीटर दबतो. त्याहून फार दबला, किंवा चकचकीत व तडकलेला दिसला, तर तो घसरतो असें समजावें. दिवे लावून इंजिन वाढवितांच किंचाळल्यासारखा आवाज येणें, हीहि त्याचीच खूण. पट्टा पाहतांना इंजिन बंदच असावें. बॅटरीची कड फुगली असेल तर ती फार तापली आहे. झांकणें असलेल्या बॅटरींत पत्रे पाण्याखालीं बुडालेले आहेत कीं नाहीं तें पाहावें.

क्रम तिसरा, विसांव्याचें माप

येथून पुढें एका साध्या मल्टिमीटरची गरज लागते. बाजारांत तो थोडक्या पैशांत मिळतो व वापरण्यास सोपा असतो. चकती २० व्होल्ट डी.सी. वर ठेवावी, तांबडी तार प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असल्यावर, सकाळीं सेल्फ मारण्यापूर्वीं, माप घ्यावें. आलेल्या आंकड्याचा अर्थ असा :

१२.६ वा अधिक : बॅटरी भरलेली.
१२.४ : सुमारें पाऊण.
१२.२ : सुमारें निम्मी.
१२.० : पावाच्या आसपास.
११.८ व खालीं : रिकामी.

हें माप बॅटरींत शिल्लक किती, एवढेंच सांगतें. शिल्लक कां घटली तें सांगत नाहीं. पासबुकांत रुपये कमी दिसले म्हणून बँक बुडाली असें कोणी म्हणत नाहीं.

क्रम चौथा, चालू इंजिनचें माप

इंजिन चालू करून थोडें वाढवावें व बॅटरीच्या टर्मिनलांवर पुन्हां माप घ्यावें. आंकडा १३.८ ते १४.५ आला तर उगम व वाट दोन्ही ठीक. मग समोरचे दिवे व पंखा लावावा, तरी १३.५ च्या खालीं तो फारसा उतरूं नये. इंजिन चालू असूनहि आंकडा विसांव्याइतकाच राहिला किंवा घटत गेला, तर बॅटरीस कांहींच मिळत नाहीं असें ठरलें. उलट १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे व तो बॅटरीचें पाणी आटवून तिला मारील. कांहीं नव्या गाड्यांत संगणक हा दाब मुद्दाम कमीजास्त करतो; तेथें एका मापावर निर्णय न घेतां कंपनीची पुस्तिका पाहावी.

क्रम पांचवा, उगम कीं वाट ?

चौथ्या क्रमांत आंकडा कमी आला तरच हें करावें. दिवे लावलेलेच ठेवून मीटरची तांबडी तार अल्टरनेटरच्या जाड बोल्टास व काळी तार बॅटरीच्या प्लसला लावावी. ह्या दोहोंमधील फरक ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षां अधिक नसावा. नंतर एक तार अल्टरनेटरच्या उघड्या अंगास व दुसरी बॅटरीच्या मायनसला लावावी, येथें ०.२ हून अधिक नसावा. पहिला फरक मोठा आल्यास प्लसच्या वाटेंत दोष आहे. दुसरा मोठा आल्यास अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली आहे. अर्थिंग सदोष असल्यास सेल्फहि अशक्त फिरतो, आणि म्हणूनच तेथेंहि निष्पाप बॅटरीवरच आळ येतो. आमच्या गाडींत पहिला फरक दोन व्होल्टांहून अधिक होता. हें माप घेण्यास दोन मिनिटें लागतात. तीं दोन मिनिटें आम्हीं आधीं दिलीं नाहींत, एवढाच काय तो अपराध.

हाताची बोटें, उपरण्याचे पदर व मीटरच्या तारा फिरत्या पट्ट्यापासून दूर ठेवाव्या, हें वेगळें सांगावयास नको.

दोन्ही वाटा साफ आहेत आणि अल्टरनेटरच्या बोल्टावरच आंकडा कमी आहे, असें ठरलें तर दोष उगमाशीं आहे. पट्टा व तांबडा दिवा हीं दोन आधीं पाहिलेलीं असावीं. तीं ठीक असतील तर आंतील ब्रश झिजले, डायोड जळाले किंवा रेग्युलेटर गेला असें समजून अल्टरनेटर वाकबगार कारागिराकडे न्यावा. कारागिरास "चार्ज होत नाहीं" एवढेंच न सांगतां मापांचे आंकडे लिहून द्यावे.

एक जुनी संवय सोडावी

इंजिन चालू असतां बॅटरीची एक तार काढून पाहावी, इंजिन चालत राहिलें तर डायनामो चांगला, ही परीक्षा अजूनहि ठिकठिकाणीं करतात. जुन्या डायनामोच्या काळांत ती खपून जात असे. अल्टरनेटरच्या गाडींत बॅटरी एकाएकीं सुटली तर दाब क्षणार्धांत भलताच चढतो व डायोड, रेग्युलेटर किंवा गाडीचा संगणक जळतो. चालू इंजिनांत बॅटरीची तार कोणी काढूं लागल्यास मालकानें त्याचा हात धरावा.

क्रम सहावा, बॅटरीची स्वतंत्र परीक्षा

चौथ्या क्रमांत आंकडा १४ च्या वर आला आणि तरीहि बॅटरी रिकामी होते, तर तिच्याकडे वळावें. तिला प्रथम बाहेरील चार्जरवर पूर्ण भरावें; रिकाम्या बॅटरीची परीक्षा घेणें म्हणजे उपाशी बैलाची शर्यत लावणें होय. चार्जिंगचा प्रवाह बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या एकदशांश असावा. म्हणजे ७५ अँपिअर-अवरच्या बॅटरीस सुमारें साडेसात अँपिअर. अगदींच रिकाम्या बॅटरीस कांहीं नवे चार्जर ओळखतच नाहींत व चालू होत नाहींत. तेवढ्यावरून ती बाद झाली असें मानूं नये.

झांकणें असतील तर हायड्रोमीटरनें प्रत्येक खणांतील ॲसिडाचा दाटपणा मोजावा. पूर्ण भरलेल्या खणांत तो १.२५० ते १.२८०, निम्म्या खणांत १.१९० च्या आसपास व रिकाम्यांत १.१२० च्या आसपास येतो. सहाहि खण सारखे खालीं असतील तर बॅटरी केवळ भुकेली आहे. पांच चांगले व एक मात्र ०.०५० किंवा अधिक खालीं, असें असेल तर तो खण मेला व त्याबरोबर बॅटरीहि गेली. रात्रभर चार्ज करूनहि विसांव्याचा आंकडा १०.५ च्या आसपासच राहिला तरी अर्थ तोच. शेवटीं सेल्फ मारीत असतां दुसऱ्यानें मीटर पाहावा. भरलेली बॅटरी त्या ओझ्याखालीं ९.६ च्या खालीं जाऊं नये.

आणखी एक व्याधि आहे. बॅटरी रिकामी करून आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली तर पत्र्यांवरील सल्फेटचे खडे कठीण बनतात. मग चार्जर लावतांच आंकडा झटकन् चढतो, पण प्रवाह आंत शिरत नाहीं व ॲसिड दाट होत नाहीं. कालव्याखालील क्षारपड जमिनीवर पाणी सोडावें, तें वर चकाकत राहावें आणि मुळाशीं पोहोंचूं नये, त्यांतलाच हा प्रकार. थोडें कठीण झालेलें सल्फेट मंद व दीर्घ चार्जिंगनें कधीं सुटतें. फार मुरलेलें सुटत नाहीं. पेरणी उरकल्यावर ट्रॅक्टर दोन-दोन महिने शेडमध्यें उभा करणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत धरावें. उभ्या गाडीची बॅटरीहि आपोआप थोडी थोडी रिकामी होतच असते; महिन्यांतून एकदां ती भरून घ्यावी. नुसतें इंजिन पांच मिनिटें मंद चालविल्यानें, सेल्फनें जें खाल्लें तेंहि पुरतें भरून निघत नाहीं.

क्रम सातवा, गुप्त गळती

अल्टरनेटर ठीक, वाट ठीक, बॅटरी ठीक, आणि तरीहि दोन-तीन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचा सेल्फ लागत नाहीं, असें असल्यास बांध फुटला आहे. चावी काढून, सर्व दारें व दिवे बंद करून मायनसची तार सोडवावी. मीटरची तांबडी तार १० अँपिअरच्या भोंकांत घालून, मीटर सोडविलेली तार व बॅटरीचें मायनस टर्मिनल यांच्या मध्यें जोडावा. मीटर जोडलेला असतां चावी फिरवूं नये व सेल्फ मारूं नये, नाहींतर मीटर जळेल. नव्या गाडींत संगणक शांत होण्यास कांहीं वेळ थांबावें. ०.०५ अँपिअरपर्यंतचा खर्च सामान्य समजतात. त्याहून बराच अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. जो काढतांच आंकडा पडतो, त्या फ्यूजच्या वाटेवर चोर आहे.

ही गळती क्षुल्लक वाटते, पण हिशेब करून पाहावा. अर्धा अँपिअर खर्च चोवीस तास चालला तर दिवसास १२ अँपिअर-अवर झाले. तीन दिवसांत ३६. म्हणजे ७५ च्या बॅटरीचा जवळजवळ अर्धा सांठा कोणी चावीला हात न लावतां नाहींसा झाला.

निगा व मोड

बॅटरींत पाणी घालावयाचें तें डिस्टिल्ड पाणीच. आपल्या विहिरींचें व बोअरचें पाणी क्षारांचें असतें. ते क्षार पत्र्यांचा नाश करतात. घटतें तें पाणी, ॲसिड नव्हे. म्हणून वरून ॲसिड घालूं नये. चैत्र-वैशाखांतील उष्म्यानें पाणी लवकर आटतें व पत्रेहि लवकर झिजतात, म्हणून त्या दिवसांत दर पंधरवड्यास झांकणें उघडून पाहावीं. बॅटरी आपल्या जागीं पट्टीनें घट्ट बांधलेली असावी. वावराच्या रस्त्यानें आदळून आंतील पत्रे सुटतात.

सर्व परीक्षांअंतीं बॅटरी खरोखर बाद ठरली तर ती घरीं फोडूं नये आणि ॲसिड बांधावर ओतूं नये. शिसें हें विष आहे व लहान मुलांस तें फार बाधतें. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करण्याची जबाबदारी २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं उत्पादकांवर घातली आहे. म्हणून ती दुकानींच परत करावी व तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलांत वजा करून मागावी. मात्र नव्या बॅटरीवर गाडी चालू करून १४ चा आंकडा स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्याशिवाय जुनी हातची सोडूं नये, असें अनुभवान्तीं सुचवावेंसें वाटतें.

शेवटची सूचना आपल्या मंडळास. एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर व जोड देण्याची एक जाड तार एवढें साहित्य गांवोगांवच्या विविध कार्यकारी सोसायटीनें कचेरींत ठेविलें, व सात क्रमांचा हा पंचनामा एका कागदावर लिहून भिंतीस लाविला, तर खर्च एका बॅटरीच्या किमतीहून कमीच येईल. ज्या रात्रीं माल भरलेली गाडी अंगणांत उभी असते आणि बाजार कोणासाठीं थांबत नाहीं, त्या रात्रीं हें साहित्य कोणाच्या तरी महिन्याच्या मेहनतीचें मोल राखील. आमच्या घरीं आतां मीटर गाडीच्या पेटींतच असतो. पुतण्या दर सोमवारीं सकाळीं सेल्फ मारण्यापूर्वीं आंकडा पाहतो व वहींत टिपून ठेवतो. त्या वहींत आजवर १२.५ च्या खालीं नोंद झालेली नाहीं.